तासिकेचं बिल, अर्ध्या दिवसाचा पगार आणि माहेरच्या नावाचं पॅन

प्रश्न : मी सिव्हिल इंजिनिअर. सात वर्षं नोकरी करून २०१६ मध्ये सोडली. आधी मुलगी लहान होती, मग सासऱ्यांचं आजारपण आलं. यंदा, २०२५ च्या जुलैपासून, दोन ठिकाणी काम सुरू केलंय. सकाळी एका खाजगी तंत्रनिकेतनात तासिका तत्त्वावर शिकवते. दुपारी होटगी रोडवरच्या एका स्ट्रक्चरल डिझाइनच्या ऑफिसात रोज चार तास जाते, पगार महिना २०,००० रुपये. तासिकेचं दोन महिन्यांचं ४४,००० चं बिल ऑक्टोबरमध्ये निघालं आणि त्यातून ८,८०० कापले. क्लार्क म्हणाले, ‘मॅडम, तुमचं पॅन बंद आहे.’ पॅन माहेरच्या नावावर आहे, आधार सासरच्या. ऑफिसवाले ‘नवी करप्रणाली की जुनी’ आणि ‘जुना पीएफ नंबर आहे का’ असं विचारतात. जुना पीएफ मी काढलेला नाही. माझ्या नावावर १२ लाखांची एफडी आहे. त्यातले ४ लाख माझ्या आधीच्या नोकरीतले, ८ लाख यांनी ठेवलेले. वर्षाला ८४,००० व्याज येतं आणि दर एप्रिलमध्ये मी बँकेत १५जी (व्याजातून कर कापू नका असं लिहून द्यायचा फॉर्म) भरून देते. एफडी मार्चमध्ये संपते. आजवर रिटर्न कधी भरलं नाही. हे म्हणतात, एवढ्याशा कमाईवर कसला टॅक्स! काय काय करायला लागेल, आणि कुठून सुरुवात करू?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर :

ताई, तुमच्या यजमानांचं म्हणणं तुमच्यापुरतं बरोबर आहे. यंदा तुम्हाला एक रुपयाही कर बसत नाही. पण ८,८०० रुपये गेलेच ना? कर बसत नसतानाही तो कापला जातो आणि परत मिळवायचा तर कागद करावे लागतात. तुमच्या पत्रात चार-पाच गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत, पण पहिली गाठ पॅनची. ती सुटल्याशिवाय बाकीच्यांना हात लावून उपयोग नाही.

पॅन आधारला जोडण्याची मुदत ३० जून २०२३ ला संपली. त्यानंतर न जोडलेली पॅन निष्क्रिय झाली. निष्क्रिय पॅनवर कर कापायची वेळ आली की १० टक्क्यांच्या जागी २० टक्के कापतात. तुमच्या बिलाचं तेच झालं. यावर घाबरून नवं पॅन काढू नका. दोन पॅन जवळ सापडली तर १०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. (३१ डिसेंबर २०२५ ही जी तारीख कानावर येत होती, ती आधारच्या नोंदणी क्रमांकावर पॅन घेतलेल्यांसाठी होती. तुमची मुदत कधीच गेली, तुम्हाला विलंब शुल्क भरून जोडायचं आहे.)

आता क्रम नीट पाळा, कारण लोक इथेच चुकतात. १,००० रुपये आधी भरून टाकतात, मग जोडायला गेलं की नाव जुळत नाही म्हणून पोर्टल परत पाठवतं. आधी पॅनवरचं नाव बदला. प्रोटीन किंवा यूटीआयआयटीएसएल या पॅनचं काम बघणाऱ्या कंपन्यांच्या संकेतस्थळावर ‘पॅनमधील बदल वा दुरुस्ती’चा अर्ज भरा, छापील कार्डासह १०७ रुपये लागतात. नावबदलाला पुरावा म्हणून विवाह नोंदणी दाखला द्या. तो नसेल तर लग्नपत्रिकाही चालते, तेव्हा कपाटातल्या जुन्या बॅगा एकदा चाळून बघा. नाव आधारवर आहे तसंच्या तसं लिहा. आपल्याकडे मधलं नाव लग्नानंतर वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, त्यामुळे आडनावाबरोबर मधलं नावही बदलायचं असतं, हे अर्ज भरताना विसरतं. वडिलांच्या नावाच्या रकान्यात मात्र वडिलांचंच नाव राहतं, तिथे यजमानांचं घालू नका. आधारवर आडनाव आधी छापलं असेल (सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगूभाषक घरांत हे हमखास दिसतं), तर कोणता शब्द कोणत्या रकान्यात जातो ते दोनदा पाहा. जन्मतारीख आणि लिंगही दोन्हीकडे एकच हवं.

नाव बदलून आलं की आयकर पोर्टलवर ‘ई-पे टॅक्स’मध्ये जा. आकारणी वर्ष २०२६-२७ निवडा, प्रकार ‘अदर रिसीट्स (५००)’ आणि त्याखाली पॅन-आधार जोडणीच्या विलंबाचं शुल्क. हा प्रकार चुकला तर पैसे भरलेले असूनही जोडणी पुढे सरकत नाही. चलन पोर्टलवर दिसायला चार-पाच दिवस द्या, मग ‘लिंक आधार’. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. तो नंबर दहा वर्षांपूर्वीचा, बंद पडलेला असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन बदलून घ्या, नाहीतर शेवटच्या पायरीवर अडकाल. जोडल्यानंतर पॅन पुन्हा सुरू व्हायला ३० दिवसांपर्यंत लागू शकतात. नावबदलाचे दोन-तीन आठवडे धरले तर डिसेंबर संपेपर्यंतचा वेळ जेमतेम आहे. हे वाचून झालं की अर्ज भरायला बसा.

घाईला कारण आहे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं २१ जुलै २०२५ चं परिपत्रक आहे, क्रमांक ९/२०२५. १ ऑगस्ट २०२५ पासून दिलेल्या रकमेवर पैसे देणाऱ्याने साध्या दराने कर कापला असेल आणि रक्कम दिली तो महिना संपल्यापासून दोन महिन्यांत पॅन सुरू झालं, तर देणाऱ्याकडून फरक मागितला जात नाही. म्हणजे नोव्हेंबरमध्ये निघणाऱ्या बिलासाठी ३१ जानेवारीपर्यंत वेळ आहे. परिपत्रकाची प्रत आणि नावबदलाच्या अर्जाची पावती क्लार्कना दाखवा, कदाचित पुढचं बिल १० टक्क्यांवर निघेल. ते तयार झाले नाहीत तर त्यांच्याशी वाद घालू नका. तुमचं पॅन वेळेत सुरू झालं नाही तर फरकाची मागणी तंत्रनिकेतनाच्या नावावर निघते, आणि क्लार्कला ते भोवतं. आधीचे ८,८०० बुडालेले नाहीत. ते तुमच्या पॅनवर २६एएसमध्ये (पोर्टलवरच्या, कापलेल्या कराच्या उताऱ्यात) दिसतील आणि रिटर्न भरल्यावर परत येतील.

आता तासिकेच्या पैशांकडे. हे पगार की फी, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे, आणि बहुतेक तासिका शिक्षकांनी हा प्रश्न कधी विचारलेलाच नसतो. कापलेला कर कलम १९४जेखाली दाखवला असेल तर तंत्रनिकेतनाच्या लेखी तुम्ही व्यावसायिक आहात. वर्षाची रक्कम ५०,००० च्या वर जाणार असली की १० टक्के कापतात, म्हणून पहिल्या बिलालाच कात्री लागते. कलम १९२खाली दाखवलं तर तो पगार ठरतो, आणि तुमच्या उत्पन्नाला पगारातून काहीच कापावं लागत नाही. वेळापत्रक त्यांचं, हजेरी त्यांच्या मस्टरवर, परीक्षेची ड्यूटी त्यांनी लावलेली, अशी स्थिती असेल तर हे पगारासारखंच आहे, आणि तसं धरावं म्हणून लेखा विभागाकडे अर्ज करून बघावा असं आमचं मत. आदेशात ‘मानधन’ लिहिलंय की ‘वेतन’, तेही पाहा. नुसत्या शब्दाने निकाल लागत नाही, पण अर्जात दाखवायला तो बरा पडतो.

ते १९४जेवरच अडून राहिले तर रिटर्नही त्याच पद्धतीने भरावं लागेल. २६एएसमध्ये १९४जे आणि तुम्ही ती रक्कम पगारात दाखवून आयटीआर-१ (पगारदारांचं साधं रिटर्न) भरलं, की रिटर्न सदोष असल्याची नोटीस येते आणि दुरुस्तीला १५ दिवस मिळतात. अशा वेळी आयटीआर-३, म्हणजे व्यवसायाचं उत्पन्न असणाऱ्यांचं रिटर्न भरावं. त्यात जमा रक्कम, खरोखर झालेला खर्च (जाण्यायेण्याचं पेट्रोल, पुस्तकं, इंटरनेटचा तुमचा वाटा) आणि उरलेलं निव्वळ उत्पन्न दाखवायचं. पक्क्या हिशेबवह्यांची सक्ती तुमच्या आकड्याला नाही, तारीखवार डायरी आणि बिलं जपली तरी पुरे. आयटीआर-४ वर ‘निम्मा खर्च, निम्मं उत्पन्न’ दाखवून देतो असं सांगणारे भेटतील. ती कलम ४४एडीएची सवलत ठरावीक व्यवसायांना आहे. अभियांत्रिकी त्या यादीत आहे, शिकवणं नाही. उद्या तुम्ही घरी बसून स्वतंत्रपणे कुणाची ड्रॉइंग करून दिलीत तर त्या पैशाला ती बिनधास्त लावा. त्या दिवशी मात्र व्यवसाय कराचं नोंदणी प्रमाणपत्र, पीटीईसी, ३० दिवसांत घ्यावं लागेल. वर्षाला २,५०० रुपये.

ऑफिसातल्या कागदांना फार वेळ नको. करप्रणाली नवी लिहा. २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही आणि १२ लाखांपर्यंत सूट मिळून तो शून्य होतो, त्यामुळे तुमच्या आकड्याला विम्याच्या पावत्या गोळा करण्यात अर्थ नाही. तुमच्या पगारातून व्यवसाय कर कापता येत नाही. महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर तो माफ आहे. पगारपत्रकात पुरुषांच्या ओळीसारखे २०० रुपये तुमच्याही ओळीत पडलेले असतात, आणि वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही. पहिल्याच स्लिपवर बघा. ऑफिसात दहा किंवा जास्त माणसं असतील तर २१,००० पर्यंतच्या पगाराला ईएसआय (कर्मचाऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा) लागतो, त्याचे १५० रुपये मात्र कापले जातील.

पीएफचं उत्तर खरं द्या. पगार १५,००० च्या वर असेल तर नव्याने लागणाऱ्याला पीएफ नाकारता येतो, पण ज्याचं जुनं खातं अजून चालू आहे त्याला नाही. तुमचं खातं शिल्लक आहे, म्हणून अकरा नंबरच्या फॉर्मवर जुना यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) लिहा. अर्धवेळ काम आहे म्हणून सुटका नाही. १५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के धरले तर महिना १,८०० जातील आणि तेवढाच वाटा मालकाचा येईल, म्हणजे यात तुमचंच भलं. जुनी रक्कम ऑनलाइन नव्या खात्यात वळती करा. नाव तिथेही माहेरचंच असणार, ते जॉइंट डिक्लरेशनने, म्हणजे तुम्ही आणि कंपनीने मिळून करायच्या अर्जाने बदलावं लागतं. जुनी कंपनी बंद पडली असेल तर सोलापुरात भविष्य निर्वाह निधीचं प्रादेशिक कार्यालय आहे, तिथे खेटा पडेल. सात वर्षांच्या नोकरीची रक्कम काढली तरी ती करमुक्त, पण नोकरी सुटल्यानंतरच्या वर्षांचं व्याज करपात्र धरलं जातं. शक्यतो काढू नका, वळती करा.

एफडीबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय, पण सगळ्यात मोठी चूक तिथेच आहे. नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशावरचं व्याज कायद्याने नवऱ्याच्या उत्पन्नात धरतात. एफडी कुणाच्या नावावर आहे याला महत्त्व नाही. १२ लाखांतले ८ लाख त्यांचे, म्हणजे ८४,००० पैकी ५६,००० रुपये त्यांच्या रिटर्नमध्ये जायला हवेत. तुमचे फक्त २८,०००. ते २० टक्क्यांच्या पायरीत असतील तर उपकरासह वर्षाला साधारण ११,६५० रुपये कर होतो. ‘कसला टॅक्स’ हा प्रश्न आता त्यांनाच विचारा! गेल्या वर्षाच्या, २०२४-२५ च्या रिटर्नमध्ये त्यांनी हे दाखवलं नसेल तर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत सुधारित रिटर्न भरता येतं. त्याआधीच्या वर्षांसाठी अद्ययावत रिटर्नची वाट आहे, पण त्यात करावर २५ टक्क्यांपासून पुढे जादा रक्कम बसते आणि जितका उशीर तितकी ती वाढते. एक सवलत मात्र आहे. त्या ५६,००० मधून तुम्ही आवर्ती ठेव उघडली असेल तर तिच्यावरचं व्याज तुमचं, ते परत नवऱ्याकडे जात नाही. माहेरून मिळालेल्या पैशालाही हा नियम लागत नाही.

आणि १५जी? निष्क्रिय पॅनवर दिलेला १५जी ग्राह्यच नसतो. त्यामुळे जुलै २०२३ पासून बँकेने २० टक्के कापले असण्याची दाट शक्यता आहे, वर्षाला १६,८०० पर्यंत. आज रात्रीच आयकर पोर्टलवर नोंदणी करून २६एएसची मागची दोन वर्षं उघडा. २०२४-२५ चं उशिराचं रिटर्न ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत भरता येतं. उत्पन्न मर्यादेखाली असल्याने विलंब शुल्कही नाही. पॅन तोवर सुरू झालं नाही तरी रिटर्न भरून टाका. परतावा पॅन सुरू होईपर्यंत अडतो, पण हक्क शाबूत राहतो. फक्त पॅन बंद असलेल्या काळाचं व्याज त्यावर मिळत नाही. २०२३-२४ ची मुदत गेली. अद्ययावत रिटर्नमध्ये परतावा मागता येत नाही, म्हणून त्या वर्षासाठी उशीर माफ करण्याचा अर्ज कलम ११९(२)(ब)खाली पोर्टलवरूनच करायचा. आकारणी वर्ष संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत तो करता येतो. व्याज दोघांत वाटलेलं आणि कापलेला कर मात्र सगळा तुमच्या पॅनवर, ही वाटणी नियम ३७बीएप्रमाणे दाखवावी लागते. एवढ्या एका कामासाठी सीएकडे जा. बाकीच्या कामांना त्यांची फी घालवू नका.

यंदाचा हिशेब असा बसतो. नऊ महिन्यांचा पगार १,८०,०००, त्यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट, उरले १,०५,०००. तासिकेचे मार्चअखेर साधारण १,६०,००० धरू. व्याजातला तुमचा वाटा २८,०००. एकूण २,९३,०००. चार लाखांच्या आत, कर शून्य. तासिकाही पगारात धरली गेली तरी वजावट ७५,००० एकदाच, दोन ठिकाणी दोनदा नाही. कायद्याने रिटर्न भरायलाच हवं असं ४ लाखांखाली सहसा नसतं, पण वर्षभरात सगळं मिळून २५,००० किंवा जास्त कर कापला गेला असेल तर भरावंच लागतं, आणि बँकेची व तासिकेची कापाकापी जोडली तर तुम्ही तिथे सहज पोचाल. तसंही भरल्याशिवाय पैसे परत येणार नाहीत. पुढच्या वर्षी पगार पूर्ण बारा महिन्यांचा होईल. वजावटीनंतर १,६५,०००, तासिकेचे २,२०,००० आणि व्याज २८,००० धरलं तर ४,१३,०००. दर तेच राहिले तर कर निघेल ६५० रुपये आणि सूट मिळून तोही जाईल, पण ४ लाख ओलांडल्याने रिटर्न सक्तीचं होईल.

तासिकेवरचा १६ए, म्हणजे कर कापल्याचा दाखला, तिमाहीला मिळतो, ऑक्टोबर ते डिसेंबरचा १५ फेब्रुवारीपर्यंत. जानेवारीतली गड्डा यात्रा संपली की लेखा विभागात आठवण करा, आपणहून कुणी देत नाही. ऑफिसचा फॉर्म १६ कर कापला नसेल तर कदाचित मिळणार नाही, म्हणून पगाराच्या स्लिपा जपा. रिटर्नसाठी ३१ जुलै २०२६ धरून चला, पण १५ जूनच्या आधी घाई नको, शेवटच्या तिमाहीच्या नोंदी तोवर पुऱ्या चढलेल्या नसतात. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू होतोय आणि कलमांचे आकडे बदलतील. २०२५-२६ च्या उत्पन्नाला मात्र १९६१ चाच कायदा लागेल. परतावा ज्या बँक खात्यात हवा ते पोर्टलवर आधी प्रमाणित करून घ्या. पॅनवर सासरचं नाव आणि खात्यावर माहेरचं राहिलं तर ते प्रमाणित होत नाही, तेव्हा बँकेतलं नावही याच फेरीत बदला. एआयएसमध्ये (पोर्टलवरच्या, तुमच्या उत्पन्नाच्या वार्षिक माहितीपत्रकात) ८४,००० व्याज तुमच्या नावावर दिसेल. तिथे ५६,००० बद्दल ‘माहिती पूर्णपणे बरोबर नाही’ असा अभिप्राय नोंदवा.

मार्चमध्ये एफडी संपली की ती आहे तशी नूतनीकरणाला टाकू नका. ८ लाख यजमानांच्या खात्यात परत द्या, त्यांनी स्वतःच्या नावावर ठेव करावी. तुमच्या ४ लाखांवर वर्षाला २८,००० व्याज येईल. बँक व्याजातून कर कापते ते वर्षाला ५०,००० च्या वर गेल्यावर, म्हणजे १५जीची गरजच उरणार नाही. एप्रिलमध्ये काउंटरवर सवयीने कुणी तो कागद पुढे सरकवला तर सही न करता परत द्या.